स्थूल देहांतील यकृताची बाहेरून परीक्षा

मनुष्याच्या देहांतील कित्येक अवयव असे आहेत, कीं त्यांस थोडी इजा झाली तरी ते लागलीच ओरड करतात. दांत किडला म्हणजे रात्रभर झोंप येत नाहीं. डोळ्यांत कुसळ गेलें तर हातांतील काम टाकून बसावें लागतें. यकृताची जात निराळी आहे. त्याच्या अंतर्भागांत वेदना जाणणारे तंतु नाहींत. ते केवळ त्याच्या वरील पातळ आवरणांत आहेत. यास्तव यकृत आंतल्या आंत वर्षानुवर्षें बिघडत गेलें, तरी धन्यास त्याची वार्ता लागत नाहीं. तो जेवतो, झोंपतो, कामास जातो. आणि एके दिवशीं पोट पाण्यानें फुगतें अथवा रक्ताची उलटी होते, तेव्हां प्रथमच कळतें कीं रोग जुना झाला आहे. ही वार्ता वेळेवर कशी मिळवावी, आणि ज्यांचा देह फार स्थूल आहे अशांच्या बाबतींत ती मिळविणें विशेष अवघड कां होतें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय वैद्यकाचा असला तरी त्यांत थोडें गणित व थोडें पदार्थविज्ञान आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस तें आपल्या पाठांशीं ताडून पाहतां येईल. पालकांस त्याचा उपयोग उघडच आहे.

यकृत उजव्या बाजूस बरगड्यांच्या आड असतें. प्रौढ मनुष्यांत त्याचें वजन सुमारें दीड किलो भरतें. देहाच्या आंतील अवयवांत याहून मोठा दुसरा नाहीं. मराठींतील ‘काळीज’ हा शब्द मुळांत याच अवयवाचा. पुढें बोलण्यांत तो हृदयाकडे व धैर्याकडे गेला, आणि खाटकाच्या दुकानांत मात्र ‘कलेजी’ या रूपानें जुन्या अर्थानें टिकला. अन्नांतील साखर सांठवून ठेवणें, पित्त तयार करणें, रक्त गोठविणारीं द्रव्यें व अल्ब्युमिन नांवाचें प्रथिन बनविणें, अमोनियासारख्या विषारी पदार्थाचें युरियांत रूपांतर करणें, अशीं नाना कामें यकृत करतें. त्याचा बराच भाग निकामी झाला तरी उरलेला भाग सर्व कामें निभावून नेतो. हा गुण मोठा खरा. परंतु रोग लपून राहतो तोही याच गुणामुळें.

आतां स्थूलतेचा व यकृताचा संबंध काय तो पाहूं. देहास लागतें त्याहून अधिक अन्न दीर्घकाळ पोटांत जात राहिलें, म्हणजे शिलकी शक्ति मेदाच्या रूपानें सांठते. प्रथम ती कातडीखालीं सांठते. तें कोठार पुरेनासें झालें कीं मेद भलत्या ठिकाणीं जाऊं लागतो, आणि अशा ठिकाणांपैकीं मुख्य ठिकाण यकृत होय. शंभरांतील पांचांहून अधिक यकृतपेशींत मेदाचे थेंब आढळले, म्हणजे त्यास मेदयुक्त यकृत म्हणावें असा संकेत आहे. स्थूलता मोजण्यासाठीं किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागतात. या भागाकारास बीएमआय म्हणतात. बेल्जियमचे गणिती केतले यांनीं एकोणिसाव्या शतकांत ही रीति काढली, व १९७२ सालीं अमेरिकेंतील अॅन्सेल कीज यांनीं तिला हल्लींचें नांव दिलें. हा अंक ३० झाला म्हणजे स्थूलता व ४० झाला म्हणजे अतिस्थूलता, असें जगांत बहुतेक ठिकाणीं धरतात. १६० सेंटिमीटर उंचीच्या मनुष्याचें वजन सुमारें १०२ किलो झालें कीं त्याचा अंक ४० होतो, हें विद्यार्थ्यांनीं करून पाहावें.

येथें आपल्या लोकांपुरती एक गोष्ट सांगितली पाहिजे. भारतीयांत बीएमआय २५ झाला कीं स्थूलता समजावी, असें येथील वैद्यांनीं २००९ सालीं ठरविलें. कारण आपल्याकडे बारीक दिसणाऱ्या देहांतही मेद पुष्कळ असतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनीं २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत स्वतःचेंच छायाचित्र छापून ही गोष्ट दाखविली. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु युडकिन यांच्या देहांत मेद शेंकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या देहांत शेंकडा २१.२! तेव्हां ‘आमच्या घरीं कोणी लठ्ठ नाहीं’ एवढ्यावर कोणी निश्चिंत राहूं नये. तथापि आमचा आजचा विषय अतिस्थूलतेचा आहे, म्हणून पुन्हां तिकडे वळूं.

मद्यपानानें यकृत बिघडतें हें जगास फार पूर्वींपासून ठाऊक होतें. त्यामुळें तसें बिघडलेलें यकृत ज्याचें आढळे, तो मद्यपी असलाच पाहिजे असा वैद्यांचा सहज समज होई. आणि रोग्यानें ‘मी थेंबालाही शिवत नाहीं’ असें सांगितलें, तर त्याच्या शब्दावर विश्वास ठेवणारे थोडे. १९८० सालीं अमेरिकेंतील मेयो क्लिनिक या रुग्णालयांत युर्गेन लुडविग व त्यांचे सहकारी यांनीं अशा वीस रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, कीं ज्यांचें यकृत मद्यप्यासारखें दिसे, पण मद्याशीं त्यांचा संबंध नव्हता. त्यांतील बहुतेक स्थूल होते व पुष्कळांस मधुमेह अथवा पित्ताशयांतील खडे यांसारखे स्थूलतेचे सोबती रोग होते. त्यांनीं या रोगास ‘मद्याविना होणारा मेदयुक्त यकृतदाह’ अशा अर्थाचें नांव दिलें. एखाद्या वस्तूस ती काय नाहीं यावरून नांव ठेवावें ही रीति आम्हांस विचित्रच वाटते. वैद्यांसही पुढें तें नांव खटकूं लागलें, आणि २०२३ सालीं अनेक देशांच्या वैद्यसंस्थांनीं मिळून तें बदललें. नव्या नांवांत देहाच्या चयापचयाचा निर्देश आहे, मद्याचा नाहीं.

अतिस्थूल मनुष्यांपैकीं बहुतेकांच्या यकृतांत मेद असतो. पण मेद असणें निराळें व यकृत नासणें निराळें. पुष्कळांचा मेद जन्मभर तसाच पडून राहतो व यकृतास फारसा उपद्रव करीत नाहीं. कांहींच्या यकृतांत मात्र त्या मेदामुळें दाह सुरू होतो, पेशी फुगून मरतात, आणि त्यांच्या जागीं तंतूंचें जाळें विणलें जातें. हाताला खोल जखम झाल्यावर जसा वण राहतो, तसाच हा यकृताचा वण होय; भेद इतकाच, कीं हातावरची जखम एकदां भरते आणि येथें जखम रोज होते व वण रोज वाढतो. या वणाच्या वैद्यांनीं ० पासून ४ पर्यंत पायऱ्या केल्या आहेत. शून्य म्हणजे वण नाहीं. तिसऱ्या पायरीवर वणाच्या पट्ट्या एकमेकींस मिळूं लागतात. चौथ्या पायरीवर सर्व यकृत गांठीगांठींचें व कठीण होतें. या चौथ्या अवस्थेस ‘सिरोसिस’ हें नांव फ्रान्सचे प्रसिद्ध वैद्य लेनेक यांनीं १८१९ सालीं दिलें. तो शब्द त्यांनीं अशा यकृताच्या पिंगट रंगावरून ग्रीक भाषेंतून घेतला. तिसरी व चौथी या दोन पायऱ्या मिळून जी अवस्था होते, तिला ‘पुढें गेलेला रोग’ म्हणतात. आणि मेदयुक्त यकृताच्या असंख्य माणसांतून त्या पायऱ्यांवरचीं थोडीं माणसें शोधून काढणें, हाच सर्व खटाटोपाचा हेतु आहे. मेद कोणास आहे हें विचारण्यांत आतां फारसें हशील नाहीं. वण कोणास झाला आहे, हा प्रश्न खरा.

या प्रश्नाचें जुनें व सरळ उत्तर म्हणजे यकृताचा तुकडा काढून पाहणें. बरगड्यांमधून पोकळ सुई घालून दोऱ्यासारखा बारीक तुकडा काढतात व तो सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. यास बायॉप्सी म्हणतात. इटलींतील मेन्घिनी या वैद्यानें १९५८ सालीं सुई यकृतांत एक सेकंदच राहील अशी युक्ति काढल्यापासून ही रीति सर्वत्र पसरली. आजही अखेरचा निकाल तिचाच मानतात. परंतु तिचे दोष विचार करण्याजोगे आहेत. सुईनें निघणारा तुकडा सगळ्या यकृताचा सुमारें पन्नास हजारावा हिस्सा असतो. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पाण्यांत सारखा शिजलेला असतो. यकृतांतील वण तसा सारखा पसरलेला नसतो. एकाच यकृताच्या दोन ठिकाणच्या तुकड्यांवरून दोन निरनिराळ्या पायऱ्या निघाल्या, असे अनुभव पुष्कळ आहेत. शिवाय दुखणें आहेच, आणि क्वचित् आंत रक्तस्राव होऊन जिवावरही बेततें. अतिस्थूल मनुष्याच्या बाबतींत सुईस मेदाचा जाड थर ओलांडावा लागतो, बरगड्या बोटांस लागत नाहींत, आणि नेम चुकण्याचा संभव वाढतो. ज्या रोगाचा संशय लक्षावधि माणसांविषयीं घेणें भाग आहे, त्या रोगासाठीं प्रत्येकाच्या कुशींत सुई खुपसणें कोणत्याही देशास शक्य नाहीं. म्हणून वैद्यांची दृष्टि बाहेरून होणाऱ्या परीक्षांकडे वळली.

बाहेरून आंतलें ओळखण्याची कल्पना जुनीच आहे. व्हिएन्ना येथील वैद्य लिओपोल्ड आउएनब्रुगर यांनीं रोग्याच्या छातीवर बोटांनीं ठोकून आवाजावरून आंतील स्थिति ओळखण्याची रीति १७६१ सालीं प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खानावळ चालवीत. पिंप ठोकून त्यांत मद्य किती उरलें आहे हें ओळखण्याची तऱ्हा मुलानें तेथेंच पाहिली, असें सांगतात. आजही वैद्य यकृताची मर्यादा ठोकून व त्याची कड बोटांनीं चांचपून पाहतात. परंतु स्थूल देहांत मेदाची गादी मध्यें येते. आवाज दबतो व कड हातीं लागत नाहीं. सोनोग्राफीची गत थोडीफार तीच. तिच्या ध्वनिलहरी मेदाच्या थरांत क्षीण होतात व चित्र धूसर निघतें. शिवाय यकृतांत मेद बराच सांठला असेल तरच तो तिला दिसतो, आणि त्यांत वण किती आहे हें तर चांगल्या चित्रावरूनही बहुधा उमगत नाहीं. सोनोग्राफीच्या कागदावर ‘मेदयुक्त यकृत’ एवढे शब्द वाचून कोणी घाबरून जातो, कोणी ‘हें तर सगळ्यांनाच असतें’ म्हणून तो कागद कपाटांत टाकतो. दोघांनाही मुख्य प्रश्नाचें उत्तर मिळालेलें नसतें.

आतां रक्ताकडे वळूं. नेहमींच्या रक्तपरीक्षेंत एसजीओटी व एसजीपीटी असे दोन आंकडे येतात. त्यांचीं नवीं नांवें अनुक्रमें एएसटी व एएलटी अशीं आहेत. यकृताच्या पेशी फुटल्या म्हणजे हीं द्रव्यें रक्तांत येतात. पण हे आंकडे साधारण असूनही यकृत पुष्कळ बिघडलेलें असूं शकतें, म्हणून एकट्या आंकड्यावर विसंबतां येत नाहीं. २००६ सालीं स्टर्लिंग व त्यांचे सहकारी यांनीं चार साध्या गोष्टी एकत्र गुंफून एक सूत्र बनविलें. तें मूळचें निराळ्या रोग्यांसाठीं, म्हणजे एचआयव्ही व हेपॅटायटिस सी हे दोन्ही विषाणु ज्यांच्या देहांत आहेत अशांसाठीं होतें. पण मेदयुक्त यकृतासही तें लागू पडतें असें पुढें दिसून आलें. त्यास फिब-४ म्हणतात. तें असें:

(वय × एएसटी) ÷ (प्लेटलेट × √एएलटी)

प्रत्येक पद जेथें आहे तेथें कां आहे, हें पाहण्यांत मौज आहे. वण हळूहळू वाढतो, म्हणून वय अंशस्थानीं. रोग पुढें जातो तसतसें एएलटीच्या मानानें एएसटी चढत जातें, म्हणून एक वर व एक खालीं. प्लेटलेट म्हणजे रक्त थांबविणाऱ्या सूक्ष्म कणिका. यकृत कठीण झालें कीं आंतड्यांकडून येणारें रक्त तुंबतें, पाणथरी मोठी होते व त्या कणिका तींत अडकून पडतात. शिवाय त्या कणिका तयार करविणारें द्रव्य यकृतांतच बनतें, तेंही घटतें. म्हणून प्लेटलेट छेदस्थानीं. एक उदाहरण घेऊं. वय ५२, एएसटी ४८, एएलटी ३६ व प्लेटलेट १,६०,००० असतील, तर वरची संख्या ५२ × ४८ = २४९६; खालची संख्या १६० × ६ = ९६०; भागाकार २.६. प्लेटलेट येथें हजारांत घ्यावयाच्या असतात हें विसरूं नये. आपल्याकडे कांहीं कागदांवर त्या लाखांत, म्हणजे १.६ अशा लिहितात. तोच आंकडा घेतला तर उत्तर शंभरपट होऊन घरांत विनाकारण आकांत व्हावयाचा. उत्तर १.३ हून कमी आलें तर पुढें गेलेला रोग असण्याचा संभव फार थोडा, २.६७ हून अधिक आलें तर संशय दृढ. आमच्या उदाहरणांतील गृहस्थ मधल्या प्रदेशांत, पण वरच्या सीमेस अगदीं खेटून आहेत. पासष्टीपुढील माणसांत खालची सीमा २ धरतात, नाहींतर केवळ वयामुळें सगळेच वृद्ध संशयित ठरतील. उलट पस्तिशीच्या आंतील माणसांत हें सूत्र नीट चालत नाहीं. तेव्हां विद्यार्थ्यांनीं स्वतःचे आंकडे घालून आलेल्या लहानशा उत्तरावर समाधान मानूं नये. वडिलांच्या कागदावर मात्र गणित जरूर करून पाहावें, आणि उत्तर वैद्यांपुढें ठेवावें.

दुसरें एक सूत्र २००७ सालीं प्रसिद्ध झालें. तें खास मेदयुक्त यकृतासाठींच बनविलें होतें, आणि त्यांत वय, मधुमेह, एएसटी व एएलटीचें गुणोत्तर, प्लेटलेट व अल्ब्युमिन यांच्या जोडीस बीएमआयही घातला होता. वरवर पाहतां स्थूल मनुष्यांसाठीं हें अधिक योग्य असावें असें वाटतें. पण प्रत्यक्षांत उलट होतें, आणि कां होतें तें गणितानें दाखवितां येतें. या सूत्रांत बीएमआयला ०.०९४ नें गुणून मिळवितात. उत्तर −१.४५५ हून कमी आलें तर रोग्यास निर्धास्त म्हणावयाचें व ०.६७६ हून अधिक आलें तर संशयित. म्हणजे दोन सीमांमधील अंतर २.१३१. आतां बीएमआय ३० असणारा व ५० असणारा अशीं दोन माणसें घ्या, आणि त्यांचें वय ४५, मधुमेह नाहीं, गुणोत्तर ०.८, प्लेटलेट २५० हजार, अल्ब्युमिन ४.२ असें सगळें तंतोतंत सारखें धरा. पहिल्याचें उत्तर सुमारें −२.४२ येतें, दुसऱ्याचें −०.५४. पहिला निर्धास्त, दुसरा संशयाच्या प्रदेशांत. दोघांचें रक्त एकच. २० अंकांच्या वजनानें १.८८ ची भर घातली व दोन सीमांमधील बहुतेक सगळें अंतर खाऊन टाकलें. ज्या लोकांवरून सूत्र बसविलें त्यांत इतके स्थूल थोडे होते. त्यांच्यासाठीं बेतलेला अंगरखा यांच्या अंगावर उसवावा यांत नवल तें काय? म्हणून अतिस्थूलांच्या बाबतींत हें सूत्र एकटें वापरूं नये. ज्यांत बीएमआय नाहीं तें फिब-४ बरें. रक्तांतून वणाचीच द्रव्यें मोजणारी ‘ईएलएफ’ नांवाची एक परीक्षा आहे. ती महाग आहे, पण तींतही बीएमआय येत नाहीं.

आतां पदार्थविज्ञानाची पाळी. ताज्या खरवसाच्या वडीस टिचकी मारली तर तींतून थरथर संथपणें सरकतांना दिसते. तीच टिचकी कच्च्या सुरणास मारली तर कंप क्षणांत पलीकडे जातो. पदार्थ जितका ताठ तितका कंप वेगवान. मऊ यकृत खरवसासारखें व वणानें भरलेलें यकृत सुरणासारखें, एवढें ध्यानांत धरलें म्हणजे पुढचें यंत्र समजण्यास अडचण नाहीं. २००३ सालीं फ्रान्समधील लॉरां सांद्रें व त्यांचे सहकारी यांनीं अशा यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. तें फायब्रोस्कॅन या नांवानें आज आपल्याकडील मोठ्या शहरांतही आढळतें. रोग्यानें उताणें निजून उजवा हात डोक्यामागें घ्यावयाचा. दोन बरगड्यांमध्यें यंत्राची दांडी टेंकवितात. ती हलकीशी टिचकी मारते, जिच्या कंपाचा वेग सेकंदास ५० आवर्तनें इतका असतो. दांडींतूनच निघणाऱ्या ध्वनिलहरी त्या कंपाचा पाठलाग करून त्याची गति मोजतात. ताठपणा = ३ × घनता × गतीचा वर्ग, असा नियम आहे. घनता पाण्याइतकी, म्हणजे घनमीटरास १००० किलो धरली, तर सेकंदास १ मीटर गति असतां ताठपणा ३ किलोपास्कल, आणि २ मीटर गति असतां १२ किलोपास्कल. गति दुप्पट, ताठपणा चौपट. ८ किलोपास्कलपेक्षां कमी आलें तर पुढें गेलेल्या रोगाची भीति फार थोडी. १२ हून अधिक आलें तर यकृताच्या तज्ज्ञाकडे गेलेंच पाहिजे. अशीं दहा मापें घेऊन त्यांतील मध्यमान धरतात. मापें एकमेकांपासून फार दूर पडलीं तर तीं टाकून देतात. जेवणानंतर यकृताकडे रक्त वाढून तें ताठ भासतें, म्हणून परीक्षेपूर्वीं निदान तीन तास उपाशी राहावयाचें असतें.

स्थूल देहानें येथेंही अडथळा आणला. नेहमींची दांडी कातडीपासून २५ ते ६५ मिलिमीटर खोलीवर माप घेते. मेदाचा थर २५ मिलिमीटरांहून जाड असला, म्हणजे यंत्र यकृताऐवजीं थोडा मेदच मोजूं लागतें. पुष्कळदां तर मुळींच माप देत नाहीं. हा दोष पाहून मोठी दांडी तयार करण्यांत आली. तिच्या लहरींची आवर्तनें कमी, त्यामुळें त्या अधिक खोल जातात, व ती ३५ ते ७५ मिलिमीटर खोलीवर मोजते. तिनें पुष्कळ अतिस्थूल माणसांची सोय झाली. परंतु सगळ्यांची नाहीं. ज्यांचा थर ३५ मिलिमीटरांच्याही पलीकडे आहे त्यांच्यापुढें तीही थांबते, आणि कांहींत ताठपणा वाजवीपेक्षां अधिक दाखविते. अशांसाठीं चुंबकीय प्रतिमेवरून कंप पाहण्याची रीति आहे. तिचा प्रथम वृत्तांत १९९५ सालीं मेयो क्लिनिकमधून आला. ती सर्वांत अचूक मानतात, व मेदाच्या थराचा तिला अडथळा होत नाहीं. पण त्या यंत्राचें भुयार ६० ते ७० सेंटिमीटर रुंदीचें असतें. ज्याच्यासाठीं परीक्षा सर्वांत आवश्यक तोच कधीं कधीं त्यांत मावत नाहीं! शिवाय ती महाग व दुर्मिळ आहे.

कोणतीही एक परीक्षा पुरी पडत नाहीं असें दिसल्यावर वैद्यांनीं दोन परीक्षा एकीपुढें एक ठेवण्याचा मार्ग धरला. त्यांत काय साधतें तें पाहण्यासाठीं केवळ हिशेबाकरितां कांहीं संख्या धरूं. १००० अतिस्थूल माणसें आहेत व त्यांतील १०० जणांस पुढें गेलेला रोग आहे. परीक्षा शंभर रोग्यांतील ८० ओळखते, आणि शंभर निरोगी माणसांतील २० जणांवर खोटा आळ घेते. मग १०० पैकीं ८० सांपडले, २० निसटले. उरलेल्या ९०० पैकीं १८० जणांवर आळ आला. संशयित झाले २६०, त्यांत खरे ८० च, म्हणजे तिघांत एकही पुरता नाहीं. पण ज्या ७४० जणांस जा म्हटलें, त्यांत चूक झाली ती फक्त २० जणांची. यावरून दिसेल, कीं असली परीक्षा घरीं पाठविण्याच्या कामीं भरंवशाची, दोषी ठरविण्याच्या कामीं नव्हे. आतां त्या २६० जणांचीच तितक्याच गुणाची दुसरी, पहिलीवर अवलंबून नसलेली परीक्षा घेतली, तर ८० पैकीं ६४ व १८० पैकीं ३६ उरतात. संशयित शंभर, त्यांत खरे चौसष्ट. सुईची गरज आतां हजारांऐवजीं फार तर शंभरांस. म्हणून प्रथम फिब-४, मग यंत्र, आणि दोहोंचें उत्तर जुळलें नाहीं तरच सुई, असा क्रम हल्लीं बहुतेक देशांत धरतात. भारत सरकारनेंही २०२१ सालीं मेदयुक्त यकृताचा समावेश मधुमेह, कर्करोग, हृद्रोग इत्यादि रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांत केला.

या सर्व विवेचनांत एक अडचण कोणत्याही यंत्राच्या आटोक्याबाहेरची आहे. फार स्थूल मनुष्य वैद्याकडे जाण्यास कचरतो. गुडघा दुखो, धाप लागो, कीं झोंप न येवो, ‘वजन कमी करा’ हें एकच उत्तर ऐकून तो कंटाळलेला असतो. आणि वाटेंत व वर्गांत त्याची जी थट्टा होते ती आमच्या वाचकांस सांगावयास नको. स्थूलतेंत आनुवंशिक प्रवृत्तीचाही मोठा वांटा असतो, ही गोष्ट आतां निर्विवाद आहे. शरमेनें दूर राहिलेल्या माणसाचें फिब-४ कोण काढणार? आमच्या मतें या रोगाचा शोध उशिरां लागतो, त्यास मेदाच्या थराइतकीच ही शरमही कारण आहे.

शोध लागून उपयोग काय, असें कोणी विचारील. उपयोग मोठा आहे, कारण यकृताचा वण चौथ्या पायरीच्या अलीकडे असेल तर तो मागें फिरूं शकतो. देहाचें वजन शेंकडा दहा किंवा अधिक उतरविणाऱ्यांत मेद व दाह तर घटतातच, पण पुष्कळांत वणही विरळ होतो. अतिस्थूलांत केवळ आहारानें इतकें साधणें कठीण, म्हणून कांहींच्या जठरावर शस्त्रक्रिया करतात. अशा वेळीं यकृत डोळ्यांसमोर असतें व शस्त्रवैद्य त्याचा तुकडा सुरक्षितपणें घेऊं शकतो. बाहेरच्या परीक्षा अतिस्थूलांत किती खऱ्या ठरतात, हें मुख्यतः अशाच तुकड्यांशीं ताडून कळलें आहे. फ्रान्समधील लील शहरच्या वैद्यांनीं अशा १८० रोग्यांचा वृत्तांत २०२० सालीं दिला. पांच वर्षांनीं पुन्हां तपासलेल्यांपैकीं शेंकडा ८४ जणांच्या यकृतांतील दाह नाहींसा झाला होता, आणि शेंकडा ७० जणांत वण कमी झाला होता. औषधही आतां मिळूं लागलें आहे; रेस्मेटिरोम नांवाच्या गोळीस अमेरिकेंत २०२४ सालीं परवानगी मिळाली, ती दुसऱ्या व तिसऱ्या पायरीच्या रोग्यांसाठीं. चौथी पायरी गाठलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांस शस्त्रक्रियेचा धोका अधिक, म्हणून तिच्यापूर्वींच यकृताची परीक्षा झालेली असावी लागते. आणि त्यांच्या यकृतांत कर्करोग उद्भवण्याचें भय असल्यामुळें दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करावी लागते, मग मेदाच्या थरामुळें चित्र धूसर येवो कीं स्पष्ट येवो.